नमुन्याची वेळ

रक्तदाब मोजण्याच्या घरच्या यंत्रावर हृदयाच्या आकाराचे एक बारीक चिन्ह लुकलुकू लागले, की ठोके अनियमित आहेत असे समजावे, हे त्या यंत्राच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेले असते. मी मात्र ते चिन्ह दोन आठवडे बॅटरी संपत आल्याची खूण समजत होते. ऑक्टोबर २०२४ मधल्या एका रात्री जेवण आटोपून भांडी आवरताना छातीत कोणी पाखरू कोंडल्यासारखे वाटू लागले, जिना चढताना धाप लागली, आणि यजमानांनी फार चर्चा न करता मला गाडीत घालून सांगलीहून मिरजेला नेले. कॅज्युअल्टीतल्या तरुण डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी बघून 'एट्रियल फिब्रिलेशन' असे निदान केले. हृदयाचे वरचे दोन कप्पे, म्हणजे शाळेच्या पुस्तकातली अलिंदे, नीट आकुंचन पावण्याऐवजी नुसती थरथरत राहतात, खालच्या निलयांचे ठोके त्यामुळे वेडेवाकडे पडतात, आणि डाव्या अलिंदाला कानाच्या पाळीसारखी जी छोटी पिशवी असते तिच्यात रक्त साचून गुठळी झाली तर ती मेंदूत जाऊन पक्षाघात होऊ शकतो, एवढे त्यांनी उभ्या उभ्या सांगितले. वय ६३, रक्तदाबाची गोळी सात वर्षांपासून, मधुमेह नाही, अशी माझी नोंद झाली.

माझी नोकरी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत झाली. त्या काळी तिथे बाई म्हणजे नवलच होते, पण तो विषय वेगळा. एकतीस वर्षे उसाच्या रसाचा ब्रिक्स, पोल आणि शुद्धता काढल्यामुळे एक सवय अंगात भिनली आहे: कोणताही आकडा हाती आला की आधी नमुना कोणी घेतला, किती वाजता घेतला आणि तो किती वेळ पडून होता हे विचारायचे. रस अर्धा तास उघडा राहिला तर तो आंबू लागतो, आणि मग यंत्र बिनचूक असले तरी आकडा त्या रसाचा राहत नाही. रुग्णालयात मात्र मी पहिल्या दिवशी ही सवय पार विसरले, कारण या वेळी नमुना माझ्याच दंडातून काढलेला होता.

त्या रात्री कॅज्युअल्टीत ट्रोपोनिन ही तपासणी दोनदा झाली. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की हे प्रथिन रक्तात उतरते. माझा आकडा स्त्रियांसाठी दिलेल्या मर्यादेच्या किंचित वर होता आणि ते ऐकून यजमानांचा चेहरा उतरला. तीन तासांनी पुन्हा रक्त घेतले तेव्हा आकडा जवळपास तेवढाच निघाला. हृदयविकाराचा झटका असता तर तो चढताना किंवा उतरताना दिसला असता. एका जागी स्थिर असलेला थोडासा वाढीव आकडा वेगाने धावणाऱ्या हृदयावरचा ताण दाखवतो, असे सांगून डॉक्टरांनी मला निरीक्षणासाठी रात्रभर ठेवून घेतले. मला या उत्तराने बरे वाटले, कारण रसाच्या बाबतीतही एका आकड्यापेक्षा दोन आकड्यांमधला फरकच जास्त सांगून जातो.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला पुढच्या तपासण्यांसाठी रक्त गेले आणि दुपारी अहवाल आला. 'एनटी-प्रोबीएनपी' नावाच्या तपासणीपुढे ८६० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर असा आकडा होता आणि त्याच्याखाली छापील शेरा होता, की हृदय कमकुवत झाल्याची शक्यता विचारात घ्यावी. त्याच कागदावर टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारे मेंदूकडचे संप्रेरक, ०.०९ म्हणजे फारच खाली आणि थायरॉइडचे संप्रेरक वर दाखवले होते. अतिसक्रिय थायरॉइडमुळे हा ताल बिघडतो हे सर्वज्ञात असल्याने वॉर्डातल्या डॉक्टरांना मूळ कारण सापडल्यासारखे वाटले आणि थायरॉइडची गोळी लिहून देण्याची तयारी झाली.

ते थांबले ते तिथल्या पॅथॉलॉजिस्ट बाईंमुळे. त्या स्वतः वॉर्डात आल्या, माझ्या मानेकडे आणि हातांकडे पाहिले, वजन कमी झाले का, उकडते का, हात थरथरतात का असे विचारले, आणि सगळ्याची उत्तरे नकारार्थी आल्यावर म्हणाल्या, "काकू, केसांसाठी काही गोळी घेता का?" मी घेत होते. मुलीने पुण्याहून आणून दिलेल्या १० मिलिग्रॅम बायोटिनच्या गोळ्या माझ्या पर्समध्येच होत्या, आणि त्या दिवशीही रुग्णालयातल्या खाटेवर बसून सात वाजता चहाबरोबर मी एक घेतली होती. कित्येक रक्ततपासण्यांमध्ये बायोटिन आणि स्ट्रेप्टाव्हिडिन या जोडगोळीचा चिकटण्याचा गुण वापरलेला असतो. रक्तातच बायोटिन भरपूर असले की काही यंत्रांवर टीएसएच आणि एनटी-प्रोबीएनपी खोटे कमी दिसतात आणि थायरॉइडचे संप्रेरक खोटे जास्त दिसते, म्हणजे अतिसक्रिय थायरॉइडचे हुबेहूब सोंग उभे राहते. ट्रोपोनिनच्या काही तपासण्यांमध्येही हेच होते आणि तिथे ते अधिक धोक्याचे असते, कारण झटका आलेल्या माणसाचा आकडा खोटा कमी दिसू शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली याबद्दल जाहीर इशारा दिला होता. कॅज्युअल्टीतले ट्रोपोनिनचे यंत्र वेगळ्या पद्धतीचे होते आणि त्यात बायोटिनचा वापर नव्हता, याचीही बाईंनी खात्री करून घेतली. त्या जात असताना मला माझीच लाज वाटली. नमुना किती वाजता घेतला हे आयुष्यभर दुसऱ्यांना विचारणाऱ्या मला त्याआधी दीड तास काय गिळले हे सांगायचे सुचले नव्हते.

आठ दिवस गोळी बंद ठेवून पुन्हा रक्त दिले. टीएसएच २.४ म्हणजे अगदी व्यवस्थित निघाली आणि थायरॉइडचा विषय संपला. एनटी-प्रोबीएनपी मात्र ८६० वरून १,२१० वर गेले होते. आजार वाढला असे माझ्या मनाने लगेच ठरवून टाकले.

हृदयरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी या दोन आकड्यांची तुलनाच करू दिली नाही. पहिला नमुना दूषित होता, शिवाय हा पदार्थ त्याच माणसात दिवसागणिक बराच वरखाली होतो, असे ते म्हणाले. मग त्यांनी तो पदार्थ आहे तरी काय हे सांगितले, आणि माझ्यासारख्या प्रयोगशाळेतल्या बाईला ते ऐकायला फार आवडले. हृदय हा नुसता पंप नसून ग्रंथीसारखे स्रावही करतो, हे कॅनडात १९८१ साली अडोल्फो द बोल्ड यांच्या प्रयोगाने पुढे आले: उंदरांच्या अलिंदाचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला तर त्यांच्या लघवीतून मीठ आणि पाणी झपाट्याने बाहेर पडू लागले. १९८८ साली जपानी संशोधकांना त्याच कुळातला दुसरा पदार्थ डुकराच्या मेंदूत सापडला, म्हणून त्याच्या 'बीएनपी' या नावात 'ब्रेन' म्हणजे मेंदू आला तो कायमचा, जरी माणसात तो मुख्यतः हृदयातूनच येतो. हृदयाच्या भिंती ताणल्या गेल्या की तो स्रवतो, आणि त्याच्या पूर्वरूपाचे दोन तुकडे होताना जो निष्क्रिय तुकडा उरतो तो रक्तात जास्त वेळ टिकत असल्याने मोजायला सोयीचा पडतो. तेच हे एनटी-प्रोबीएनपी.

थरथरणारे अलिंद स्वतःच हा पदार्थ सोडते, त्यामुळे ताल बिघडलेल्या माणसाला ताल ठीक असलेल्या माणसाची मर्यादा लावून चालत नाही. बाह्यरुग्ण विभागात हृदय कमकुवत आहे का हे तपासताना एरवी १२५ च्या वरचा आकडा संशयास्पद मानतात, तर एट्रियल फिब्रिलेशन चालू असताना ३६५ च्या आसपासची मर्यादा धरतात. वय वाढले किंवा मूत्रपिंडे मंदावली की आकडा चढतो, आणि लठ्ठ माणसात तो उलट कमी दिसतो. अहवालाखालच्या छापील शेऱ्याला यातले काहीच ठाऊक नसते. अर्थात १,२१० हा आकडा ३६५ च्याही बराच वर होता, म्हणून डॉक्टरांनी तो बाजूला सारला नाही. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केली. हृदयाची पंपिंग शक्ती ६० टक्के, झडपा चांगल्या, डावे अलिंद थोडे मोठे, आणि वर्षानुवर्षांच्या रक्तदाबाने निलयाची भिंत किंचित जाड झालेली. आकड्यापैकी किती भाग तालाचा आणि किती या ताठर भिंतीचा, हे ताल परत आणल्याशिवाय कळणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

ताल परत आणायचा म्हणजे कार्डिओव्हर्जन, क्षणभर गुंगी देऊन छातीवर विजेचा नियंत्रित झटका. बिघाड नेमका कधी सुरू झाला हे माहीत नसल्याने त्याआधी निदान तीन आठवडे आणि नंतर निदान चार आठवडे रक्त पातळ करणारी गोळी घेणे भाग होते, नाहीतर अलिंद पुन्हा आकुंचन पावू लागताच आतली गुठळी सुटण्याची भीती. त्यामुळे अपिक्साबान सुरू झाले. खरा प्रश्न त्यानंतरचा होता, की ही गोळी कायम घ्यायची का.

यासाठी डॉक्टर 'चॅड्स-व्हॅस्क' नावाचा गुणांक वापरतात, ज्यात हृदय कमकुवत असणे, रक्तदाब, वय, मधुमेह, पूर्वीचा पक्षाघात, रक्तवाहिन्यांचा आजार यांना गुण दिलेले असतात. पूर्वी स्त्री असण्याचाही एक गुण धरत. युरोपीय हृदयरोग संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात तो वगळला. जुन्या हिशेबाने माझे दोन गुण होत होते, नव्या हिशेबाने रक्तदाबाचा एकच उरला. नव्या हिशेबाने दोन असते तर गोळी घ्या असे सरळ सांगता येते. एक म्हणजे विचार करा. मी साहजिकच विचारले, की माझ्या रक्तातल्या या आकड्यांनी काठावरचा प्रश्न सुटणार नाही का?

तेव्हा मला कळले, की हाच विचार स्वीडनमधल्या उप्साला येथील संशोधकांनी केला होता. अपिक्साबान आणि रक्त पातळ करणारे जुने औषध वॉर्फरिन यांची तुलना करणाऱ्या, १८ हजारांहून अधिक रुग्णांच्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीतले रक्ताचे नमुने वापरून त्यांनी पक्षाघाताचा एक नवा गुणांक बांधला: वय, एनटी-प्रोबीएनपी, ट्रोपोनिन आणि पूर्वीचा पक्षाघात, बस्स. वय, बायोमार्कर (म्हणजे रक्तातले हे खुणेचे पदार्थ) आणि पूर्वेतिहास यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'एबीसी' म्हणतात. रक्तस्रावाचा धोका सांगणारा त्याचा एक जुळा भाऊही आहे, त्यात हिमोग्लोबिन येते आणि जीडीएफ-१५ नावाचा एक पदार्थ येतो, जो आमच्याकडच्या नेहमीच्या लॅबमध्ये मोजत नाहीत. गंमत अशी, की एट्रियल फिब्रिलेशनच्या एकूण उपचारपद्धतीलाही 'एबीसी'च म्हणत आले आहेत, आणि तिथे त्या अक्षरांचा अर्थ अगदी निराळा आहे; मोबाइलवर वाचताना माझा यात तासभर गोंधळ झाला.

डॉक्टरांनी संगणकावर माझे आकडे भरून दाखवले, धोका मध्यम निघाला. मी विचारले, नमुना ताल बिघडलेला असताना घेतला की ठीक असताना, हे भरायला जागा कुठे आहे? तशी जागाच नव्हती. मला तेव्हा जे वाटले ते आजही वाटते: ज्या गोष्टीने आकडा कित्येक पटींनी बदलू शकतो तीच ज्या गणितात विचारलेली नाही, ते गणित हजारो लोकांच्या सरासरीला उपयोगी असेल, पण काठावर बसलेल्या एका बाईने त्यावर उडी मारू नये. डॉक्टरांचे म्हणणे याहून सौम्य होते. हे बायोमार्कर धोक्याची कल्पना खरोखरच चांगली देतात, असे ते म्हणाले, पण धोका आधी कळल्याने पुढे भले होते का हा वेगळा प्रश्न आहे. स्वीडनमध्येच काही रुग्णांचे उपचार या गुणांकानुसार आणि काहींचे नेहमीप्रमाणे ठरवून पाहिले, तेव्हा गुणांकानुसार उपचार केलेल्यांचे पक्षाघात किंवा मृत्यू कमी झाले नाहीत. शेवटी आम्ही गोळी कायम ठेवली ती रक्तदाब, मोठे झालेले अलिंद आणि दीड वर्षात पासष्टीला पोहोचणारे माझे वय या साध्या कारणांसाठी. मात्रेचा निर्णयही एका स्वस्त तपासणीने झाला. माझे वजन ५६ किलो असल्याने आमच्या ओळखीतल्या औषध दुकानदाराने २.५ मिलिग्रॅमची गोळी पुरे असे सुचवले होते. पण वय ८० किंवा अधिक, वजन ६० किलो किंवा कमी आणि मूत्रपिंडांचे काम दाखवणारे क्रिएटिनिन १.५ किंवा अधिक, या तिन्हींपैकी दोन गोष्टी असतील तरच मात्रा अर्धी करायची असते. माझे क्रिएटिनिन ०.८ होते, म्हणून ५ मिलिग्रॅम दोन वेळा.

माझ्या मोठ्या जाऊबाईंचे प्रकरण शेजारी ठेवले तेव्हा माझ्या डोक्यातला उरलेला गुंता सुटला. त्यांना लहानपणीच्या सांधेतापाने हृदयाची मायट्रल झडप आवळलेली आहे आणि तालही तसाच बिघडलेला आहे. त्यांना अपिक्साबानसारख्या नव्या गोळ्या चालत नाहीत. अशा रुग्णांत वॉर्फरिनच्या कुळातले जुनेच औषध बरे ठरते हे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसले. त्या त्याच कुळातले एसिनोकुमॅरॉल घेतात आणि दर महिन्याला पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याची तपासणी, करतात. आकडा २ ते ३ च्या मध्ये हवा. मेथी-पालकाचा आठवडा झाला की तो घसरतो, प्रतिजैविक घेतले की चढतो, आणि त्यानुसार गोळीचा पाव-अर्धा तुकडा कमीजास्त होतो. त्यांचा आकडा म्हणजे गाडीचे सुकाणू आहे. माझे एनटी-प्रोबीएनपी फार तर इंजिन तापल्याची खूण आहे, आणि त्या खुणेवरून गाडी कोणत्या रस्त्याला वळवायची हे कळत नाही.

डिसेंबरमध्ये कार्डिओव्हर्जन झाले. त्यात सांगण्यासारखे काही नाही; डोळे मिटले, उघडले, छातीवर उन्हात भाजल्यासारखे दोन डाग होते आणि नाडी घड्याळासारखी चालत होती. चार आठवड्यांनी एनटी-प्रोबीएनपी २४० आले. म्हणजे १,२१० मधला फार मोठा भाग तालाचा होता आणि थोडा, १२५ च्या वरचा, त्या ताठर भिंतीचा असावा. डॉक्टरांनी त्यासाठी रक्तदाबाची दुसरी गोळी वाढवली आणि मीठ कमी करायला सांगितले. आकडा उतरला, आता पातळ करणारी गोळी थांबवू या का, असे मी विचारून पाहिले. ताल ठीक झाला तरी तो न कळत पुन्हा बिघडू शकतो आणि रक्तदाब व वय जागेवरच राहतात, म्हणून नाही, असे उत्तर मिळाले. दर महिन्याला ही तपासणी करून वहीत आलेख काढण्याची माझी योजनाही त्यांनी मोडीत काढली. "आकड्याला औषध द्यायचं नसतं, काकू. धाप लागली तर या, तेव्हा करू."

एप्रिल २०२५ मध्ये खरोखरच धाप लागली. थकवाही होता. ताल पुन्हा गेला असे धरून मी परस्पर लॅबमध्ये जाऊन २,४०० रुपयांची एनटी-प्रोबीएनपी करून आणली, ती २९० निघाली आणि मी अधिकच गोंधळले. डॉक्टरांनी ईसीजी काढला, ताल ठीक होता. मग त्यांनी माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि अडीचशे रुपयांची साधी रक्ततपासणी लिहून दिली. ऑक्टोबरमध्ये १२.३ असलेले हिमोग्लोबिन ९.६ झाले होते. शौचाचा रंग काळा आहे का, म्हणजे पोटात रक्त जाते का, या प्रश्नावर मला आठवले, की होता, पण लोहाच्या टॉनिकमुळे असेल असे मी समजले होते. गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक घेता का, हा पुढचा प्रश्न. घेत होते, आठवड्यातून तीन-चार वेळा, आणि ते औषध आहे असे मला वाटतच नसल्याने कोणत्याच यादीत लिहिले नव्हते. बायोटिनचा धडा मी केसांपुरताच शिकले होते.

दुर्बिणीतून जठरात दोन व्रण दिसले आणि हेलिकोबॅक्टर नावाचे जिवाणूही सापडले. अपिक्साबान काही दिवस बंद ठेवून, व्रण भरण्याची व जिवाणू मारण्याची औषधे देऊन पुन्हा सुरू केले. या वेळी तरी मात्रा अर्धी करा असा मी हट्ट धरला होता. अर्ध्या मात्रेने पक्षाघातापासूनचे संरक्षण कमी होते आणि व्रण मात्र बरे होत नाहीत, रक्त ज्या कारणाने गेले ते कारण काढायचे, असे सांगून डॉक्टरांनी वेदनाशामक कायमचे बंद केले. गुडघ्यासाठी आता व्यायाम आणि अधूनमधून पॅरासिटामॉल आहे. हिमोग्लोबिन ११.८ वर यायला तीन महिने लागले.

आता माझ्या फाइलच्या पहिल्या पानावर मी एक तक्ता आखला आहे. त्यात तारीख, नमुन्याची वेळ, त्या वेळी ताल कसा होता, आदल्या चोवीस तासांत पोटात गेलेली प्रत्येक गोळी आणि मग शेवटी आकडा, असे रकाने आहेत. सप्टेंबरच्या तपासणीला जाऊबाई आणि मी एकाच गाडीने मिरजेला गेलो आणि एकाच बाकावर बसून रक्त दिले. संध्याकाळी त्यांचे आयएनआर ३.४ आले, कारण दातासाठी पाच दिवस प्रतिजैविक चालू होते. फोनवरूनच त्यांची त्या रात्रीची गोळी अर्धी झाली आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तपासणी लागली. माझे क्रिएटिनिन ०.८, हिमोग्लोबिन १२.१. एनटी-प्रोबीएनपी डॉक्टरांनी लिहून दिले नव्हते आणि मीही मागितले नाही.